आसनाचं वय कसं काढावं

‘हे आसन पाच हजार वर्षं जुनं आहे’ हे वाक्य योगवर्गात, माहितीपत्रकात, फोनवर फिरणाऱ्या निरोपांत इतक्या वेळा येतं की ते तपासून पाहायचं कुणाच्या मनातही येत नाही. तपासता मात्र येतं, आणि त्यासाठी पंडित असावं लागत नाही. मराठी अर्थासह छापलेले चार-पाच ग्रंथ, एक वही आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी एवढ्यावर कुठल्याही एका आसनाचा बऱ्यापैकी खरा इतिहास हाती लागतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. आसनाला तीन वयं असतात: नावाचं वय, शरीराच्या त्या बैठकीचं वय आणि ती बैठक ज्यासाठी करायची त्या हेतूचं वय. ही तिन्ही क्वचितच जुळतात. योगाच्या इतिहासातले बहुतेक घोटाळे ही तीन वयं एकात कालवल्यामुळे होतात.

म्हणून वहीच्या पानावर पाच रकाने आखा: ग्रंथ, काळ, नाव, बैठक, हेतू. बैठकीच्या रकान्यात आसनाचं नाव लिहायचं नाही, हा नियम कडक पाळा. तिथे फक्त शरीर लिहायचं: बसून, उभं, पालथं की उताणं, उजवा पाय कुठे, डावा कुठे, टाच कशाला टेकते, हात कुठे, नजर कुठे. हा एक नियम पाळला नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण नाव दिसलं की मन आजचं चित्र त्यात भरून टाकतं.

पुस्तकं कोणती आणि कोणत्या क्रमाने

ओळखीच्या आसनापासून निघा आणि मागे मागे जा. जुन्याकडून नव्याकडे येणारा माणूस प्रत्येक जुन्या ओळीत आजचं आसन शोधत बसतो. मागे जाणाऱ्याला मात्र धागा कुठे तुटला ते लगेच दिसतं.

मुक्काम साधारण असे. आधी विसाव्या शतकातलं एखादं छायाचित्रांचं पुस्तक. मग घेरंडसंहिता, साधारण इ. स. १७०० ची, ३२ आसनं. त्याआधी सतराव्या शतकातली श्रीनिवासाची हठरत्नावली. हिची खासियत अशी की ‘८४ आसनं’ असं नुसतं न म्हणता ती ८४ नावं खरोखर देते. मग पंधराव्या शतकाच्या मध्यावरची स्वात्मारामाची हठप्रदीपिका, १५ आसनं. त्याच सुमाराची शिवसंहिता: ८४ आसनं आहेत असं म्हणते आणि चारच शिकवते. त्याच्या मागे तेराव्या शतकातलं दत्तात्रेययोगशास्त्र. तिथे आसनं ८४ लाख सांगितली आहेत, पण वर्णन एकट्या पद्मासनाचं आहे. आणि शेवटी पतंजलीची योगसूत्रं, व्यासभाष्यासह, म्हणजे त्यांवरच्या जुन्या स्पष्टीकरणासह. आजच्या संशोधनात ती साधारण इ. स. ४०० च्या आसपास ठेवली जातात.

पतंजलीला आसनांचा जनक म्हणतात, पण सूत्रं उघडून पाहा. सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनावर फक्त तीन आहेत, साधनपादातली ४६ ते ४८. ‘स्थिरसुखमासनम्’ हे त्यातलं पहिलं. एकाही आसनाचं नाव त्यात नाही. नावं भाष्यात येतात: पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, सोपाश्रय, पर्यंक, क्रौंचनिषदन, हस्तिनिषदन, उष्ट्रनिषदन आणि आणखी एक-दोन. त्यांतलं एकही उभ्याने करायचं नाही. या काळात आसन म्हणजे प्राणायाम-ध्यानासाठी न हलता राहता येईल अशी स्थिती, एवढाच अर्थ. हेतूच्या रकान्यात तसंच लिहा.

त्याहून मागे गेलात तर आसनं संपतात, योग मात्र संपत नाही. कठोपनिषदात इंद्रियं स्थिर धरून ठेवणं म्हणजे योग, अशी व्याख्या आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात बसायची जागा सांगितली आहे: सपाट, स्वच्छ, खडे-वाळू-विस्तव नसलेली; छाती, मान, डोकं सरळ रेषेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र यांचा थर आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १३६ वं सूक्त लांब केसांच्या मुनीचं वर्णन करतं, पण तो कसा बसतो हे सांगत नाही. या सगळ्या नोंदी मोलाच्या आहेत. योगाचा इतिहास लिहायचा तर इथूनच सुरुवात करावी लागेल. तुमच्या आसनाचा इतिहास मात्र त्यांनी जुना होत नाही.

प्रत घेताना दोन गोष्टी बघा. मूळ श्लोक छापलेला हवा. नुसतं भाषांतर असलेली प्रत या कामाला निरुपयोगी. आणि संपादकाने कोणत्या हस्तलिखितांवरून पाठ घेतला हे प्रस्तावनेत सांगितलेलं हवं. लोणावळ्याच्या कैवल्यधामने स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादलेली हठप्रदीपिका १९७० मध्ये काढली. पाठभेद तळटीपांत दिल्यामुळे ती अशा कामाला उत्तम. श्लोकांचे आकडे मात्र प्रतीप्रतीत एक-दोनने मागेपुढे होतात. म्हणून वहीत आकड्यासोबत श्लोकाचे पहिले दोन शब्दही लिहा.

काळाचा हिशेब

शकाचं वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षअखेरीच्या तिथींना एक वर्षाचा फरक पडतो. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. जयतरामाची जोगप्रदीपिका संवत १७९४, म्हणजे १७३७.

बहुतेक हठग्रंथांवर, म्हणजे आसन-प्राणायाम-बंध शिकवणाऱ्या हठयोगाच्या ग्रंथांवर, मात्र वर्ष नसतं. तिथे ‘कोण कुणाचे श्लोक घेतो’ हे पाहून काळ ठरतो. हठप्रदीपिका बरीचशी आधीच्या ग्रंथांतल्या श्लोकांची गुंफण आहे, म्हणून ती त्या सगळ्यांच्या नंतरची. हीच पद्धत उलटीही चालते, आणि इथेच एक मोठा खड्डा आहे: योग-उपनिषदं. योगतत्त्व, योगकुंडली, ध्यानबिंदू ही नावं ‘उपनिषद’ म्हणून वाचली की वाटतं, झालं, अडीच हजार वर्षांचा पुरावा मिळाला. पण योगतत्त्वोपनिषदात दत्तात्रेययोगशास्त्राचे श्लोक आहेत आणि योगकुंडलीचा दुसरा अध्याय खेचरीविद्या या हठग्रंथातून उचललेला आहे. १०८ उपनिषदांच्या यादीत आज छापली जाणारी ही रूपं हठग्रंथांच्या नंतर, दक्षिणेत, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सिद्ध झाली. कठ-श्वेताश्वतर आणि योगकुंडली यांना वहीत एकाच ओळीत बसवू नका.

दुसरा खड्डा पतंजलीच्या काळाचा. महाभाष्यकार पतंजली, म्हणजे संस्कृत व्याकरणावर लिहिणारा, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला. तो आणि योगसूत्रकार एकच, ही समजूत बऱ्याच नंतरच्या ग्रंथांत येते. ती आधीच गृहीत धरली की योगसूत्रं पाच-सहाशे वर्षांनी मागे सरकतात.

शब्द कुठे फसवतात

मराठी माणसाला आसनांचे श्लोक अर्धेमुर्धे आपोआप कळतात, आणि तेवढंच अर्धं घात करतं. पुढचे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जंघा म्हणजे मांडी नव्हे, जांघ तर नव्हेच. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा भाग, नडगी-पोटरी. मांडीला ऊरु. पार्ष्णि टाच, गुल्फ घोटा, जानु गुडघा, चिबुक हनुवटी. योनिस्थान आणि सीवनी हे शब्द पुरुष साधकाबद्दलही येतात. अर्थ गुद आणि लिंग यांमधली शिवण. सव्य मराठीत उजवा. संस्कृतात तो बहुधा डावा, म्हणून प्रत्येक ठिकाणी शेजारच्या शब्दावरून ठरवायचं. याम्य आणि दक्षिण म्हणजे उजवा. अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी, ढोबळ मानाने पाऊण इंच. घटिका २४ मिनिटांची, याम म्हणजे प्रहर, तीन तास.

शेवटच्या शब्दावर थोडं थांबायला हवं. हठप्रदीपिकेत विपरीतकरणी, म्हणजे पाय वर करून उलटं राहण्याची क्रिया, रोज एक याम करण्याचं फळ सांगितलं आहे. त्याच जागी पहिल्या दिवशी क्षणभरच करावी आणि रोज थोडी थोडी वाढवावी, असंही आहे. फळाचा श्लोक वाचून कुणी तीन तास मान आणि खांद्यांवर भार घेऊ नये. श्लोकातली बैठक अंगावर करून पाहायची असेल तर बसायच्या आसनांपुरतीच पाहा, खाली घोंगडीची घडी घालून. उलटी, मानेवर भार येणारी आसनं कागदावरच तपासा.

एक आसन सबंध करून पाहू: वज्रासन

जेवणानंतर वज्रासनात बसावं हे घराघरांत माहीत आहे. गुडघे दुमडायचे, पाय मागे, नितंब टाचांवर, पाठ ताठ. हे झालं पहिल्या ओळीतलं वर्णन. आता मागे चला.

घेरंडसंहितेच्या दुसऱ्या अध्यायात वज्रासन आहे: ‘जङ्घाभ्यां वज्रवत् कृत्वा गुदपार्श्वे पदावुभौ’. नडग्या वज्रासारख्या घट्ट करायच्या आणि दोन्ही पावलं गुदाच्या दोन बाजूंना. जंघेचा अर्थ इथे मांडी केलात तर बैठकच उभी राहत नाही. पोटरी-नडगी केलात की गुडघे दुमडून बसलेला माणूस स्पष्ट दिसतो. आजची बैठक जवळपास हीच. फळ म्हणून ‘योग्यांना सिद्धी देणारं’ एवढंच आहे. पचनाचा शब्दही नाही. हेतूच्या रकान्यात तसं लिहा.

हठप्रदीपिकेत १५ आसनांत वज्रासन नाही. नाव मात्र आहे! सिद्धासनाचं वर्णन झाल्यावर स्वात्माराम सांगतो की यालाच कुणी वज्रासन म्हणतात, कुणी मुक्तासन, कुणी गुप्तासन. म्हणजे एक टाच शिवणीला दाबून, दुसरा पाय वर ठेवून, हनुवटी छातीशी घेऊन बसायचं आसन. जेवणानंतरच्या बैठकीशी याचा काही संबंध नाही.

आता ज्ञानेश्वरी काढा, सहावा अध्याय, १९२ ते २०० या ओव्यांच्या आसपास. गीतेत नसलेली बैठक ज्ञानदेव इथे इतकी बारकाईने सांगतात की मोजपट्टी घेऊन वाचावी. गुद आणि मेंढ्र (लिंग) यांच्यामध्ये चार अंगुळं जागा. दोन्ही कडांची दीड-दीड अंगुळं सोडायची. मधे उरतं एक अंगुळ. तिथे टाचेचा मागचा भाग घट्ट लावायचा आणि वरून अंगाचा भार तोलायचा. उजवा पाय खाली, डावा आपसूक वर. इथे ‘सव्य’ म्हणजे उजवाच, कारण पुढच्याच चरणात वर बसणारा पाय ‘वाम’ म्हटला आहे. दीड, एक, दीड: बेरीज चार. आणि हे सांगून ते म्हणतात, हे मूळबंधाचं (शिवणीजवळचा भाग आवळून धरण्याच्या क्रियेचं) लक्षण, वज्रासन हे त्याचं गौण नाव.

म्हणजे १२९० मध्ये वज्रासन हे नाव होतं, आणि ते सिद्धासनासारख्या बैठकीचं होतं. हेतूही वेगळा: अपानाला, म्हणजे शरीरात खाली जाणाऱ्या वायूला, वरची वाट दाखवायची. त्यानंतर जालंधर, उड्डियान हे बंध आणि मग कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिल्लासारखी वेटोळं घातलेली कुंडलिनी. स्वात्मारामाच्या दीडशे वर्षं आधी हे सगळं मराठीत आलेलं आहे. नाथपरंपरेचं हठज्ञान संस्कृतबाहेर किती लवकर पोचलं होतं याचा असा पुरावा दुसऱ्या भाषांत सहज मिळत नाही, आणि योगाच्या इतिहासावर बोलताना आपणच तो विसरतो याचं वाईट वाटतं.

आता पानाच्या तळाशी निष्कर्ष लिहा: ‘वज्रासन हे नाव तेराव्या शतकात, सिद्धासनसदृश बैठकीसाठी. गुडघे दुमडून मागे बसायच्या बैठकीला हे नाव इ. स. १७०० च्या सुमारास घेरंडसंहितेत. पचनाचा हेतू या ग्रंथांत नाही.’ ‘वज्रासन प्राचीन आहे का’ या प्रश्नाला इतकंच खरं उत्तर देता येतं, आणि ते होय-नाहीपेक्षा पुष्कळ उपयोगाचं आहे.

याच पद्धतीने धनुरासन करून पाहा. हठप्रदीपिकेत पायांचे अंगठे हातांनी धरून कानापर्यंत ओढायचे आहेत. हठप्रदीपिकेवरच्या एकोणिसाव्या शतकातल्या ज्योत्स्ना टीकेत ब्रह्मानंद उलगडून सांगतो: एक हात अंगठा धरून पसरलेला, दुसरा अंगठा धरून कानापर्यंत आखडलेला. बाण ओढणारा धनुर्धारी, बसलेला. आज आपण त्याला आकर्ण धनुरासन म्हणतो. पालथं झोपून मागे पाय धरायचे ते घेरंडसंहितेतलं धनुरासन. नाव एक, आसनं दोन. पश्चिमोत्तानासनात नेमकं उलट होतं: हठप्रदीपिकेत ते पश्चिमतान, शिवसंहितेत उग्रासन, बैठक मात्र तीच. म्हणून कुठल्याही पुस्तकाच्या सूचीत नुसतं नाव शोधून थांबू नका. बैठकीच्या रकान्यावरून सगळी यादी एकदा चाळा.

बैठा योग उभा कधी राहिला

तोलाची आसनं, म्हणजे हातांवर किंवा एका पायावर शरीर पेलायची, भाष्याच्या यादीत नाहीत. मयूरासनाचं सर्वांत जुनं वर्णन मिळतं ते विमानार्चनाकल्पात, साधारण दहाव्या शतकाच्या सुमाराच्या वैखानस ग्रंथात. म्हणजे वैष्णव देवळांच्या अर्चकांच्या परंपरेत, नाथांच्या आधी. नंतर वासिष्ठसंहितेत मयूर आणि कुक्कुट दिसतात आणि तिथून हठप्रदीपिकेत येतात. हेतूचा रकाना इथे पालटतो: मयूरासन गुल्म (पोटातली गाठ) आणि उदररोग घालवतं, हठप्रदीपिकेत आसन स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचा हलकेपणा देतं. आरोग्य हा शब्द आसनाच्या फळात ठळकपणे बसतो तो या टप्प्यावर. घेरंडसंहितेत उभं वृक्षासन आहे: उजवं पाऊल डाव्या मांडीच्या मुळाशी.

अठराव्या शतकात संख्या एकदम वाढते. जोगप्रदीपिकेत ८४ आसनं वर्णनासह येतात. कपालकुरंटकाच्या हठाभ्यासपद्धतीत शंभराहून जास्त आहेत, ती पालथी, उताणी, उभी अशा गटांत लावलेली, आणि त्यांत दोरीवर करायचीही आहेत. तिचं हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. एकोणिसाव्या शतकात मैसूरला मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या श्रीतत्त्वनिधीत १२२ आसनं चित्रांसह आहेत. दोरीचा मल्लखांब पाहिलेल्या मराठी माणसाला हा भाग वाचताना ओळखीचं वाटेल. आखाडा आणि योग या काळात एकमेकांजवळ आलेले दिसतात.

त्रिकोणासन हठप्रदीपिकेत नाही, घेरंडसंहितेतही नाही. सूर्यनमस्काराचं नाव ज्योत्स्नेत सापडतं, पण कुठे? योग्याने टाळायच्या कायाक्लेशांच्या उदाहरणात, जड ओझी उचलण्याच्या शेजारी. पुष्कळ सूर्यनमस्कार नकोत, असं टीकाकार सांगतो. म्हणजे ते प्रचारात होते, पण हठाभ्यासाचा भाग मानले जात नव्हते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकात त्यांचा प्रसार केला तो रोजचा व्यायाम म्हणून. नमस्काराची उपासना जुनी आहे, दहा-बारा स्थितींचा आखीव व्यायाम वेगळा. दोन ओळी करा.

विसाव्या शतकाला वहीत जागा कमी देऊ नका. १९१८ मध्ये मुंबईत योगेंद्रजींची संस्था, १९२४ मध्ये लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक, १९३० च्या दशकात मैसूरला कृष्णमाचार्यांची योगशाळा, १९३७ पासून पुण्यात बी. के. एस. अय्यंगार. आजच्या वर्गातला क्रम, उभ्या आसनांचं महत्त्व, प्रयोगशाळेतली तपासणी हे बरंचसं इथे घडलं. आसन नवं निघालं म्हणून ते खोटं ठरत नाही. फक्त त्याला जुनं म्हणायचं नाही.

मूर्ती आणि मुद्रा वापरताना

दगड बैठक दाखवतो, नाव सांगत नाही. म्हणून शिल्पाची नोंद करताना नावाचा रकाना रिकामाच ठेवा. गुजरातेत डभोईच्या दरवाजांवर तेराव्या शतकातल्या योग्यांच्या आकृती आहेत, हंपीच्या खांबांवर आहेत. दापोलीजवळ पन्हाळेकाजीच्या लेण्यांत नाथसिद्धांच्या मूर्ती आहेत. पाय डोक्यामागे घेतलेली आकृती दिसली की ती योग्याचीच असं धरू नका. डोंबारी, मल्ल, नर्तकही तसेच कोरलेले असतात. खूण शोधा: जटा, कानातली मोठी कुंडलं, जपमाळ, आणि गुडघ्यांभोवती-पाठीभोवती बांधलेला योगपट्ट. योगनरसिंहाच्या मूर्तीत हा पट्टा हमखास दिसतो. भाष्यातलं ‘सोपाश्रय’, म्हणजे टेकू घेऊन बसायचं आसन, टीकाकार याच पट्ट्याने समजावतात. ग्रंथ आणि दगड एकमेकांना असे भेटले की ती नोंद पक्की.

मोहेंजोदडोची बसलेल्या आकृतीची मुद्रा, म्हणजे कोरलेला शिक्का, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. १९३१ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलने तिला शिवाचं आद्य रूप म्हटलं आणि तिथून ‘पाच हजार वर्षं’ हा आकडा पसरला. मुद्रेवरची लिपी अजून वाचता आलेली नाही. टाचा जुळवून बसलेली आकृती, एवढं बैठकीच्या रकान्यात लिहा. नाव आणि हेतू कोरे ठेवा.

शेवटी निष्कर्ष लिहिताना ‘उगम’ हा शब्द टाळा. ‘आतापर्यंत सापडलेला पहिला लिखित उल्लेख’ असं लिहा, आणि पुढे ग्रंथ, अध्याय, श्लोकाचे पहिले दोन शब्द. उद्या एखादं जुनं हस्तलिखित संपादित होऊन आलं तर तुमची ओळ खोडायची गरज पडणार नाही, तिच्या वर एक नवी ओळ लिहावी लागेल. म्हणून प्रत्येक पानावर वर चार बोटं जागा सोडा.